भाकरी, कापूस, चिंच आणि कार्बनची जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-नांदेडला नीटची तयारी करणारी मुलं, दहावीचा ‘कार्बनी संयुगे’ हा धडा घेऊन बसलेले पालक आणि माती परीक्षणाचा अहवाल हातात आलेले शेतकरी, या सगळ्यांकडून कार्बनबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल; जिथं दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथं त्याचा क्रमांक दिला आहे. व्याख्या पाठच करायच्या असतील तर पाठ्यपुस्तक आहेच.

१. सजीवांच्या शरीरात कार्बनच का? त्याच्यात एवढं काय विशेष आहे?

आपल्या वजनाचा साधारण १८ टक्के भाग कार्बन असतो. ६० किलोच्या माणसात जवळपास ११ किलो. ऑक्सिजन त्याहून कितीतरी जास्त असतो, पण त्यातला बराचसा पाण्यातला. पाणी काढून टाकलं तर उरणाऱ्या रेणूंचा सांगाडा कार्बनचाच.

कारणं तीन. एक, कार्बनचा अणू एका वेळी चार बंध करतो, त्यामुळे साखळीत दोन्ही बाजूंना शेजारी धरूनही त्याच्याकडे आणखी दोन जागा उरतात. दोन, तो दुसऱ्या कार्बनशी तितक्याच सहज जोडला जातो. पुस्तकात यालाच शृंखलाबंधन शक्ती म्हटलंय. तीन, आणि हे बहुतेक जण विसरतात, हे बंध आपोआप तुटत नाहीत, पण योग्य विकर (एन्झाइम) मिळालं की तुटतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठराविक माप) सुमारे ३४६ किलोज्यूल लागतात. मे महिन्यात परभणीचा पारा ४५ अंशांवर गेला तरी त्या उष्णतेतून रेणूंना मिळणारी ऊर्जा मोलमागे अडीच-पावणेतीन किलोज्यूलच्या घरात असते. म्हणून उन्हात आपण विरघळून जात नाही आणि खाल्लेलं अन्न मात्र पोटात सुटं होतं.

२. कार्बन सोडियमसारखे इलेक्ट्रॉन देऊन का टाकत नाही? सहसंयुज बंधच का करतो?

कार्बनचा अणुअंक ६, इलेक्ट्रॉनांची मांडणी (संरूपण) २, ४. बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन म्हणजे अर्धं भरलेलं घर. चारही देऊन टाकायचे तर प्रत्येक पुढचा इलेक्ट्रॉन काढायला आधीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि एवढी ऊर्जा रासायनिक अभिक्रियेत मिळत नाही. चार घ्यायचे तर केंद्रकातल्या सहा प्रोटॉनांना दहा इलेक्ट्रॉन सांभाळावे लागतात. दोन्ही महागात पडतं. म्हणून कार्बन इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो: एक याचा, एक त्याचा, आणि ती जोडी दोघांच्या मधे. हाच सहसंयुज बंध.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. मिठातला सोडियम आयन सगळ्या बाजूंनी सारखाच ओढतो. सहसंयुज बंधाला मात्र दिशा असते. रेणूला ठराविक आकार येतो तो त्यामुळेच, आणि पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

३. मिथेन वहीत चौकोनी काढतो, खरंच तो तसा असतो का?

नाही. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तो मिथेन सपाट नसतो. चार हायड्रोजन कार्बनभोवती एकमेकांपासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहतात, आणि त्रिमितीत त्याचा आकार होतो चतुष्फलक. दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश. सपाट चौकोनात तो ९० अंशच झाला असता.

वहीतला चौकोन सोयीसाठी ठीक आहे, पण तो डोक्यात पक्का बसला की प्रश्न ११ कधीच समजत नाही. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे ही चतुष्फलकाची कल्पना मांडली. व्हान्ट हॉफ तेव्हा बावीस वर्षांचा होता. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये त्यालाच मिळालं, मात्र दुसऱ्या कामासाठी. चार मातीचे गोळे आणि चार काड्या घेऊन मॉडेल करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त समजतं. मधल्या कार्बनसाठी पाचवा गोळा लागेल, हे ओघानं आलंच.

४. थंडीत खोबरेल गोठतं, करडईचं तेल का गोठत नाही?

तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या लांब कार्बन साखळ्या असतात. साखळीत सगळे एकेरी बंध असतील (संतृप्त) तर ती सरळ राहते. सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट बसतात आणि पदार्थ गोठतो. साखळीत दुहेरी बंध आला की तिथं बाक येतो, कारण एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, दुहेरीभोवती नाही. बाकदार साखळ्या नीट रचता येत नाहीत.

आकडे बघितले की शंका राहत नाही. स्टिअरिक, ओलेइक आणि लिनोलेइक या तिन्ही आम्लांत १८ कार्बन. पहिल्यात दुहेरी बंध नाही, ते सुमारे ६९ अंशांना वितळतं. दुसऱ्यात एक, ते साधारण १३ अंशांना. तिसऱ्यात दोन, ते शून्याच्याही खाली, उणे ५ च्या आसपास. फरक फक्त दोन-दोन हायड्रोजनचा. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटेही घाण्यावरचं तेल बाटलीतून धार धरतं. खोबरेलात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच. त्याच्या साखळ्या आखूड आहेत (मुख्य मेदाम्ल १२ कार्बनचं), त्यामुळे ते २४-२५ अंशांवर वितळतं. तेवढ्या लांबीची सरळ साखळी उन्हाळ्यात पातळ आणि हिवाळ्यात घट्ट.

५. मग वनस्पती तूप तेलापासूनच करतात, ते घट्ट कसं?

निकेल उत्प्रेरक वापरून दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवतात. बाक गेला, तेल घट्ट झालं. अडचण अशी की ज्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन पूर्ण चढत नाही, त्यांतले काही उलट्या बाजूनं पुन्हा तयार होतात: सिस (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला) होते ते ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) होतात. ट्रान्स बंधात साखळी जवळपास सरळच राहते. ओलेइक आम्लाचं ट्रान्स रूप सुमारे ४४ अंशांना वितळतं. अणू तेच, संख्या तीच, जोडण्याचा क्रमही तोच, तरी ३० अंशांचा फरक. ट्रान्स मेद हृदयाला वाईट, म्हणून जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे.

६. सिलिकॉनलाही चार बंध होतात. मग सिलिकॉनचे जीव का नाहीत?

वेरूळला जाऊन कैलास लेण्याच्या भिंतीला हात लावा. तो बेसाल्ट वजनानं निम्मा सिलिका आहे. भूकवचात सिलिकॉन २८ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन एका टक्क्याचा दहावा भागही नाही. म्हणजे कच्चा माल सिलिकॉनचा भरपूर होता, तरीही सजीवांचा सांगाडा कार्बनचा झाला.

सिलिकॉन-सिलिकॉन बंध सुमारे २२२ किलोज्यूलचा, कार्बन-कार्बनपेक्षा बराच कच्चा. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५२ किलोज्यूलचा. हवा-पाणी मिळालं की सिलिकॉन शेजारच्या सिलिकॉनला सोडून ऑक्सिजनकडे जातो आणि दगड होऊन बसतो. कार्बनचं ऑक्सिजनशी जमलं की होतो कार्बन डायऑक्साइड, एक वायू. पान तो हवेतून घेतं, आपण श्वासातून सोडतो. वाळू कोण श्वासातून सोडणार?

तरी सजीव सिलिकॉनला अगदीच सोडत नाहीत. उसाच्या पात्यानं ऊसतोड करणाऱ्यांचे हात चिरतात त्यात पात्याच्या कडेला साठलेल्या सिलिकेचा वाटा मोठा. पण ते झाडाचं कुंपण झालं. जिवंतपणाचं रसायन कार्बनवरच चालतं.

७. सर, ज्वारीत अन् कडब्यात एकच ग्लुकोज आहे म्हणतेत. मग जनावरं कडबा खातेत, आपल्याला का पचत नाही?

सगळ्यात आवडता प्रश्न. एकाच ताटाचं कणीस आपल्या भाकरीला आणि धांडा गोठ्याला जातो, आणि दोन्हींत मुख्य माल ग्लुकोजच.

ग्लुकोजचा रेणू पाण्यात वलय करून राहतो: पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून सहा कोपऱ्यांचं वलय, सहावा कार्बन बाहेर लोंबता. पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट वलयाच्या खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनमार्फत जोडला जातो आणि प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच.

जोडणी अल्फा असली की साखळी वळत जाते, मळसूत्राचा आकार घेते, मधे पोकळी राहते, पाणी शिरतं. हा स्टार्च, ज्वारीच्या दाण्यातला. बीटा असली की प्रत्येक दुसरा ग्लुकोज उलटा बसतो, साखळी ताठ सरळ जाते. अशा हजारो ग्लुकोजच्या सरळ साखळ्या शेजारी-शेजारी लागतात, त्यांच्यात हायड्रोजन बंधांची (रेणूंमधल्या कमजोर ओढीची) जाळी विणली जाते, आणि पाण्याला आत शिरायला वाव उरत नाही. हे सेल्युलोज. कडब्यात ते इतर घटकांबरोबर असतं, आणि परभणी-जालन्याच्या कापसात नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं.

आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा जोडणीवर बसतं आणि ती तोडतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो यामुळे. बीटा जोडणी त्या विकरात बसतच नाही. गाय-म्हैससुद्धा स्वतःच्या विकरानं कडबा पचवत नाही, हे लक्षात ठेवा. तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज फोडतात, त्यापासून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं तयार होतात आणि जनावर त्यांवर जगतं. त्याच पोटात मिथेनही होतो, ढेकरेवाटे बाहेर पडतो. वाळवीचं लाकूड खाणंही बहुतांशी अशा भाडेकरूंच्याच भरवशावर.

कुट्टी केल्यानं बंध तुटत नाहीत. पृष्ठभाग वाढतो आणि जनावर धांडे टाकून देत नाही, एवढंच.

८. हा फरक घरी दाखवता येईल का?

येतो, आणि खर्चही जवळजवळ नाही. मेडिकलमधून आयोडीनचं टिंचर आणा. ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यावर एक थेंब टाका: पिवळट-तपकिरी थेंब पिठाला लागताच काळानिळा होतो. तोच थेंब सरकीतून काढलेल्या साध्या कापसावर टाका. तो तपकिरीच राहतो. स्टार्चच्या मळसूत्राच्या पोकळीत आयोडीन रांगेनं बसतं म्हणून रंग येतो. सेल्युलोजला पोकळीच नाही.

कापसाऐवजी कापड घेणार असाल तर जुनं, खूप धुतलेलं घ्या. नव्या कापडाला खळ दिलेली असते, खळ म्हणजे स्टार्चच, आणि मग ‘सेल्युलोज पण निळं झालं’ असे फोटो येतात. गोळा नंतर टाकून द्या, जनावराला घालू नका.

९. वरण आणि पैठणी दोन्ही प्रथिनं कशी? एक शिजतं, एक पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

दोन्हींत अमिनो आम्लं एकमेकांना पेप्टाइड बंधानं जोडलेली असतात: एकाच्या कार्बोक्सिलचा कार्बन दुसऱ्याच्या नायट्रोजनशी, आणि मधून पाण्याचा रेणू बाहेर. अमिनो आम्लं वीस प्रकारची. फरक पडतो तो क्रमानं.

पैठणच्या मागावर येणारं रेशीम म्हणजे मुख्यतः फायब्रोइन. त्यात ग्लायसिन-सेरिन-ग्लायसिन-ॲलनिन-ग्लायसिन-ॲलनिन असा लहान अमिनो आम्लांचा क्रम परत परत येतो. लहान असल्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून थर करतात आणि धागा मजबूत होतो. तुरीच्या प्रथिनात सगळ्या प्रकारची अमिनो आम्लं मिसळलेली, साखळी गुंडाळून गोळा झालेली. विकरांना आत शिरायला वाट मिळते.

पेप्टाइड बंध दिसायला एकेरी असला तरी थोडा दुहेरीसारखा वागतो, त्यामुळे तो फिरत नाही. त्याच्या आजूबाजूचे दोन बंधच फिरतात, आणि तेही ठराविक कोनांतच. हे कोन कोणते, याचा नकाशा मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. आजही नव्या प्रथिनाची रचना सापडली की ती ‘रामचंद्रन आलेखा’वर तपासतात. आपल्या पुस्तकात हे नाव ठळक असायला हवं होतं, असं माझं मत.

जाता जाता, दोन अमिनो आम्लांचं: ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर, डाळीत मिथिओनिन कमी, ज्वारीत त्या मानानं बरं. वरण-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात.

१०. शिजवल्यावर कार्बनचे बंध तुटतात का?

बहुतेक नाही. अंडं उकडलं की प्रथिनाची गुंडाळी सुटते आणि साखळ्या एकमेकींत अडकतात. तुटतात ते हायड्रोजन बंधांसारखे कच्चे बंध, मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपासचे. पेप्टाइड बंध शाबूत राहतात. भाकरीसाठी पीठ आधणाच्या पाण्यात मळतो तेव्हाही तसंच: ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून चिकट झाले तरच पीठ एकत्र येतं आणि भाकरी थापताना काठाला चिरत नाही.

सहसंयुज बंध तुटतात ते तव्यावर करपतं तिथं. काळा डाग म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजन निघून गेल्यावर मागं राहिलेला बराचसा कार्बन.

११. चिंचेतल्या आम्लाला ‘उजवं’ म्हणतात ते का? रेणूला डावं-उजवं असतं का?

असतं. एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. डाव्या पायातली चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात बसत नाही, तसंच. कार्बन सपाट असता (प्रश्न ३) तर हा प्रकारच घडला नसता.

चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. त्यात असे दोन कार्बन असतात. झाड फक्त एकाच हाताचं आम्ल बनवतं, आणि त्याच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा) सोडला की त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. द्राक्षातलंही तेच.

१८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरला टार्टारिक आम्लाच्या अशा प्रकाराचं कोडं पडलं होतं जो प्रकाश वळवतच नव्हता. त्यानं त्याच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. दोन तऱ्हेचे स्फटिक, एकमेकांचे आरशातले जोडीदार. चिमट्यानं एकेक वेचून त्यानं दोन ढीग केले, दोन्हींची वेगळी द्रावणं केली: एकानं प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्यानं तितकाच डावीकडे. यात हवामानाचीही साथ होती. हा क्षार सुमारे २७ अंशांच्या खालीच असा वेगवेगळ्या स्फटिकांत बसतो. पाश्चर एप्रिलमध्ये बीडला असता तर दोन्ही हात एकाच स्फटिकात मिसळून गेले असते आणि वेचायला काही उरलंच नसतं.

या दोन हातांना ‘एल’ आणि ‘डी’ अशी नावं आहेत. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच हाताची, ‘एल’. अपवाद ग्लायसिन: त्याच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असल्यानं चार वेगळे गट होतच नाहीत. साखरा मुख्यतः ‘डी’. जिवाणूंच्या भित्तिकेत मात्र डी-ॲलनिन सापडतं. ‘सजीवांत डी-अमिनो आम्ल नसतंच’ हे विधान बरोबर म्हणून टिक करू नका.

१२. डाव्या-उजव्यानं माणसाला काय फरक पडतो?

नाकाला विचारा. बाळंतशेपा तोंडात टाकला की येणारा वास बराचसा कार्व्होन नावाच्या रेणूचा. पुदिन्याच्या वासातही कार्व्होनच. रेणुसूत्र एक, जोडणीचा क्रम एक, हात मात्र उलटे. आपल्या नाकातली ग्राही प्रथिनं स्वतःच एका हाताची (प्रश्न ११), म्हणून त्यांना दोन्ही वेगळे कळतात. शेपूची भाजी नको म्हणणारं पोर पुदिन्याची चटणी आवडीनं खातं, ते हातभर चुकलेलं असतं म्हणा.

औषधांतही हाच प्रश्न येतो: एक हात उपयोगी, दुसरा निरुपयोगी किंवा घातक असू शकतो.

१३. डीएनएमध्ये कार्बनचं काम काय? त्यात तर नायट्रोजन बेस महत्त्वाचे ना?

अक्षरं बेसची (ए, टी, जी, सी), पण ती ज्यावर लिहिली आहेत तो कणा डीऑक्सिरायबोज या पाच कार्बनच्या शर्करेचा आणि फॉस्फेटचा. एका शर्करेचा तिसरा कार्बन, मधे फॉस्फेट, पुढच्या शर्करेचा पाचवा कार्बन. हे सहसंयुज बंध पक्के. दोन पट्ट्यांमधे मात्र हायड्रोजन बंध, ए-टीमध्ये दोन, जी-सीमध्ये तीन. ९५ अंशांच्या आसपास तापवलं की पट्ट्या सुट्या होतात आणि कणा तसाच राहतो. करोनाच्या काळातली आरटी-पीसीआर याच भेदावर चालत होती. आरएनएच्या शर्करेत दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल जास्त असतो, तो शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करू शकतो. आरएनए लवकर मोडतं ते त्यामुळे.

१४. युरियात कार्बन असतो. मग युरिया टाकला की जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो का?

नाही. युरिया हे कार्बनी संयुग आहे हे खरं. वजनाच्या २० टक्के कार्बन, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे ९ किलो. पण त्यातला एकमेव कार्बन ऑक्सिजनशी आणि दोन नायट्रोजनशी जोडलेला. कार्बन-कार्बन साखळी कुठेच नाही. ओलाव्यात युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. नायट्रोजन पिकाला, कार्बन हवेत.

अहवालातला सेंद्रिय कर्ब म्हणजे पाला, मुळं, शेणखत कुजून उरलेल्या गुंतागुंतीच्या साखळ्या-वलयांतला कार्बन. ०.५ टक्क्याखाली असेल तर तो कमी समजतात. सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाटीची कुट्टी, शेणखत यांनी तो वाढतो, जाळल्यानं नाही. आणखी एक: आपल्या चुनखडीच्या जमिनीत कार्बोनेटच्या रूपातही पुष्कळ कार्बन असतो. तो खनिज कार्बन. अहवालात त्याचा रकाना ‘मुक्त चुना’ म्हणून वेगळा असतो. दोन्हींची बेरीज करू नका.

युरियाचं इतिहासातलं स्थान मात्र मोठं. सजीवांच्या रेणूंना ‘जैवशक्ती’ लागते असा समज होता. १८२८ मध्ये वोलरनं अमोनियम सायनेट तापवून युरिया मिळवला. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच, बदलली फक्त जोडणी.

१५. ऊस, ज्वारी ‘सी-फोर’ पिकं. हे कार्बनच्या चार संयुजेमुळे का?

नाही, हा गोंधळ दरवर्षी होतो. संयुजा (अणू किती बंध करतो ती संख्या) सगळीकडे चारच. या पिकांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडल्यावर पहिलं स्थिर संयुग चार कार्बनचं तयार होतं: तीन कार्बनच्या रेणूला चौथा जोडला जातो. तूर, सोयाबीन, कापूस यांत पाच कार्बनच्या रेणूला एक जोडला जातो आणि लगेच त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, म्हणून ती ‘सी-थ्री’. सी-फोर पिकाला एक किलो वाळलेला माल तयार करायला पाणी कमी लागतं. ‘मग ऊस एवढं पाणी का पितो’ असा पुढचा प्रश्न येतोच: तो शेतात वर्षभर आणि त्याहून जास्त उभा असतो.

१६. कार्बन-१४ आणि कार्बन-१३ चे बंध वेगळे असतात का?

बंधांची संख्या, कोन, प्रकार सगळं तेच, कारण इलेक्ट्रॉन तितकेच. न्यूट्रॉन जास्त असल्यानं अणू जड असतो आणि अभिक्रियेत जरासा मागं पडतो. सी-थ्री वनस्पती कार्बन-१३ ला जास्त मागं टाकतात, सी-फोर कमी (प्रश्न १५). म्हणून सी-थ्री फुलांच्या मधात उसाची साखर मिसळली तर साखर म्हणून चव सारखी लागते, पण कार्बन-१३ चं प्रमाण मोजलं की भेसळ पकडता येते. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. जुन्या लाकडाचं, धान्याचं वय त्यावरून काढतात.

१७. कार्बनला नेहमी चारच बंध असतात का? नीटच्या मुलांसाठी खरं उत्तर द्या.

स्थिर, रोजच्या रेणूंत चारच. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बनचा ऑक्सिजनशी तिहेरी बंध आणि स्वतःकडे एक मोकळी जोडी. ती जोडी हिमोग्लोबिनच्या लोहाला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरते. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, ते यासाठी.

चारांहून जास्तचं उदाहरण आपल्या शेतात आहे. पेरणीनंतर महिना-दीड महिन्यानं सोयाबीनचं झाड हलक्या हातानं उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती चालू आहे. तिच्यातले रायझोबियम जिवाणू नायट्रोजिनेज या विकरानं हवेतला नायट्रोजन पकडतात. या विकराच्या मध्यभागी लोह, गंधक आणि मोलिब्डेनमचा एक पुंजका असतो, आणि त्या पुंजक्याच्या पोटात एकच हलका अणू. तो नायट्रोजन की ऑक्सिजन की कार्बन, यावर काही वर्षं वाद चालला. २०११ मध्ये ठरलं: कार्बन. आणि तो एकाच वेळी सहा लोह अणूंना जोडलेला. इथं ‘एक बंध म्हणजे दोघांमधली एक जोडी’ हा हिशोब लागू होत नाही. मोजक्या इलेक्ट्रॉनांची भागीदारी सातही अणूंत वाटलेली असते. हा कार्बन तिथं येतो तो मिथिओनिनपासून बनणाऱ्या एका रेणूच्या मिथिल गटातून. त्यावर आधी तीन हायड्रोजन असतात, आणि पुंजका बांधला जाताना ते एकेक करून काढले जातात.